सोडणे आणि सुटणे

बंगळुरात पानपट्टी हा शब्द चालत नाही. गल्लीच्या तोंडाशी, एखाद्या जुन्या घराच्या कंपाउंडला खेटून असलेल्या फळीएवढ्या दुकानावर 'कॉन्डिमेंट्स' अशी पाटी असते. बाहेरून आलेल्याला वाटावे की आत लोणची-मसाले मिळत असतील. प्रत्यक्षात वर टांगलेले केळ्यांचे घड, बरणीत बन आणि चिक्की, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आणि गिऱ्हाइकाच्या हाताला सहज लागेल असा, दोरीला बांधलेला लायटर. जयनगरातल्या अशाच एका दुकानासमोर आम्ही तिघे जवळजवळ दहा वर्षे दिवसातून चार वेळा उभे राहिलो. मी, एक निपाणीचा, एक हासनचा. या शहरात कॉफी 'बाय-टू' मागायची रीत आहे, एकाची दोघांत. आम्ही सिगारेटही तशीच ओढायचो, आणि पगाराच्या आधीच्या आठवड्यात ती तिघांत फिरायची. मी कन्नड शिकलो ते त्या कट्ट्यावर. हासनकर माझे व्याकरण सुधारायचा, आणि निपाणीकर आम्हा दोघांच्या भाषा एकमेकांना समजावून सांगायचा.

२०११च्या पावसाळ्यात आमच्यापैकी दोघांनी सिगारेट सोडली. मी आणि निपाणीकराने. कसे, ते सांगण्यासारखे थोडेच आहे. चहाची वेळ बदलली, जागा बदलली. कॉन्डिमेंट्सकडे न जाता गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या दर्शिनीत जाऊ लागलो. एकच नियम होता: तलफ आली की दुसऱ्याला फोन करायचा आणि सिगारेट सोडून कशावरही बोलायचे. निपाणीकर रात्री अकराला फोन करून मला ऊसदराबद्दल विचारायचा. माझा ऊसाशी काय संबंध, पण मी बोलायचो. हासनकर हसला, म्हणाला, दोन महिने बघू. तो जुन्या जागीच उभा राहिला. त्याच्याबद्दल पुढे लिहायचेच आहे. हा लेख त्याच्यामुळेच सुचला.

मराठीत सिगारेट 'सोडतात' आणि सिगारेट 'सुटते' सुद्धा. पहिल्यात माणूस कर्ता आहे, दुसऱ्यात तो कुठे आहे ते कळत नाही. गावाकडे 'त्याची दारू सुटली' असे म्हणतात तेव्हा जत्रेतला देव, बायकोने घेतलेला नवस, माळकरी मेव्हणा, डॉक्टरची तंबी हे सगळे त्या एका क्रियापदात दाटीवाटीने बसलेले असतात. कन्नडमध्येही तेच. 'बिट्टे' म्हणजे मी सोडले, आणि 'बिट्टु होयितु' म्हणजे सुटून गेले. व्यसनमुक्तीवरचे आपले छापील साहित्य मात्र पहिल्याच क्रियापदात अडकलेले आहे. निर्धार, मनोनिग्रह, इच्छाशक्ती. एकटा माणूस आरशासमोर उभा राहून मुठी आवळतो आहे, असे काहीतरी चित्र. मला या चित्राची शंका आली ती स्वतःच्या अनुभवामुळे. म्हणून मी जुन्या नोंदी पाहू लागलो, आणि त्यांत मला हा आरशासमोरचा माणूस फारसा भेटला नाही.

पहिली नोंद आपल्याच भागातली आहे. १६०३-०४च्या सुमारास अकबराचा दूत असदबेग काझविनी विजापुरी आला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात. शहजादा दानियालसाठी ठरलेली आदिलशाही वधू घेऊन जायचे काम होते. परतताना त्याने एक अपूर्वाईची वस्तू बरोबर घेतली, कारण ती त्याने उत्तरेत पाहिलेली नव्हती: तंबाखू. रत्नजडित नळी आणि सोन्याचा साज करून त्याने ती आग्र्याला बादशहापुढे ठेवली. असदबेगने हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे आणि तो वाचण्याजोगा आहे. बादशहाने कुतूहलाने नळी हातात घेतली, दूताचे मन राखावे म्हणून दोन-तीन झुरके घेतले. हकीम अस्वस्थ झाला. त्याने आणखी ओढू दिले नाही. असदबेग हकिमाशी वाद घालू लागला. दरबारी मंडळींनी मात्र चव घेतली, आणखी मागितली, आणि व्यापाऱ्यांनी ती विकायला सुरुवात केली. बादशहाने पुन्हा तिला हात लावला नाही.

मला हा प्रसंग आवडतो तो त्यातल्या माणसांच्या उभे राहण्यामुळे. एक जण आग्रह करणारा, एक जण हात धरणारा, आणि मध्ये हिंदुस्थानचा बादशहा. झुरका घेतला तो एकाच्या भिडेखातर, आणि थांबवला तो दुसऱ्याच्या. ज्यांच्याजवळ हकीम उभा नव्हता ते दरबारी कामातून गेले. ही सगळी कथा सुरू होते विजापुरात, ज्या विजापूरच्या फौजेबरोबर पुढे १६३८मध्ये शहाजीराजे बंगळुरास आले. बंगळुरातल्या मराठी वस्तीची मुळे त्या मोहिमेपर्यंत जातात.

बंदीचा प्रयोगही लवकरच झाला. जहांगिराने १६१७मध्ये तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. तिकडे इराणात शाह अब्बासनेही तशीच मनाई केली होती. पण जहांगिराचा तिथला वकील खान आलम याला तंबाखूवाचून क्षणभर करमत नसे. शेवटी शाहने त्याच्यापुरती सूट दिली, तीसुद्धा काव्यात. दोन बादशहांचे हुकूम एका वकिलाच्या तलफेपुढे वाकले, आणि जहांगिराने ही हकीकत आपल्या आठवणींत खुशाल लिहून ठेवली. हुकमाने व्यसन जाते असे मानणाऱ्यांनी ती वाचावी.

यानंतर मी मोठी उडी मारतो, कारण मधल्या अडीचशे वर्षांत तंबाखू फक्त पसरली. चंची, चिलीम, तपकिरीची डबी, बायकांची मशेरी, इकडे कन्नड मुलखात होगेसोप्पु आणि कड्डिपुडी. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. मागणे आणि देणे. अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करायला चिमूटभर तंबाखू पुरत असे, आणि ती नाकारणे म्हणजे त्या माणसाला नाकारणे होते. 'सोडणे' अवघड जाते त्याचे कारण केवळ निकोटीन नाही. प्रत्येक नकारात समोरचा माणूस असतो.

गांधींच्या आत्मचरित्रातले चोरीचे प्रकरण आपण शाळेत वाचलेले असते, पण त्यातली एक बारीक गोष्ट निसटते. ते एकटे नव्हते. एक नातेवाईक मुलगा बरोबर होता. दोघांनी मिळून काकांच्या विडीची थोटके ओढली, दोघांनी मिळून नोकराचे पैसे चोरले, परावलंबनाचा वैताग येऊन दोघांनी मिळून धोतऱ्याच्या बिया आणल्या आणि केदारजीच्या मंदिरात जाऊन मरायचे ठरवले. दोन-चार बिया खाल्ल्यावर दोघांचीही छाती झाली नाही. आणि मग थोटके ओढणे सुटले, तेही दोघांचे. गांधी पुढे आयुष्यभर तंबाखूविरुद्ध लिहीत-बोलत राहिले, आणि ते लिहिणे एकट्याच्या निश्चयाचे आहे. पण मूळ प्रसंग जोडीचा आहे. १९२७च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ते प्रकृती सुधारायला नंदी टेकडीवर आणि मग बंगळुरात राहिले, तेव्हा 'नवजीवन'मधून ही आत्मकथा क्रमशः येत होती. त्या वेळी शहरात सिगारेटींचा धंदा चांगलाच रुजलेला होता. १९१०मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या इंपीरियल टोबॅको कंपनीचा कारखाना फ्रेझर टाऊनच्या बाजूला उभा होता आणि बंगळूर पूर्व स्टेशनाच्या आसपासच्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटत होती.

ही दुसरी बाजू मला निपाणीकराने कधी विसरू दिली नाही. त्याचे इंजिनीअरिंग तंबाखूवर झाले. विडीची तंबाखू हे निपाणी-चिकोडी भागाचे पीक. व्यापाऱ्याने भाव पाडला की वर्ष बुडाले. १९८१च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले, आठवड्यामागून आठवडे, बायकापोरांसकट. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसे मेली. माझ्या मित्राचे वडील तिथे बसलेल्यांपैकी. पुण्याहून रात्रीच्या बसने येताना निपाणीपाशी जाग आली की मला आजही तो रस्ता वेगळा वाटतो. मुद्दा असा की जो मुलगा रोज रात्री मला ऊसदर विचारत होता, त्याच्या घरी तंबाखू सोडून ऊस लावावा का हा खरा प्रश्न चालू होता. तंबाखू सोडायची म्हणजे काय काय सोडायचे, हे मला त्याच्याकडून समजले. त्याने वडिलांना सांगितले नव्हते. पिकवणाऱ्याच्या पोराने ओढू नये, असे ते स्वतःच म्हणत आले होते, पण पोराने 'ती वाईट आहे' असे म्हणणे त्यांना लागले असते.

आता शास्त्राकडे. १९५० साली ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे निबंध आले. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१मध्ये देशभरच्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली आणि त्यांच्यावर दशकानुदशके नजर ठेवली. त्या अभ्यासाची एक बाजू क्वचित सांगितली जाते: ब्रिटिश डॉक्टर मोठ्या संख्येने सिगारेटपासून दूर गेले, बाकी समाजाच्या कितीतरी आधी. माहिती तर पुढे सगळ्यांनाच मिळाली. पण डॉक्टरांच्या बैठकीत सिगारेट पेटवणारा एकटा पडू लागला होता.

भारतातले पहिले मोठे काम मुंबईचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता यांच्या दंतसंशोधन विभागाने एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांतल्या खेड्यांत ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना घरोघरी जाऊन गाठले. श्रीकाकुलममधल्या बायका चुट्टा उलटी ओढतात, पेटते टोक तोंडात. अशांच्या तोंडात बॅटरी टाकून पाहायचे, चट्टा असेल तर त्यांनाच आरशात दाखवायचे, बोलायचे, पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. त्यांचे पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले: सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटले. मला वाटते, या यशातला मोठा वाटा 'पुढच्या वर्षी पुन्हा यायचे' याचा आहे. कोणीतरी दर वर्षी दारात येऊन विचारणार आहे, हे घरातल्या बाईला माहीत होते.

बंगळुराने हाच धडा आपल्या अंगणात गिरवला. होसूर रस्त्यावरची किदवाई कर्करोग संस्था १९७३ची; राष्ट्रीय कर्करोग नोंदणी सुरू झाली तेव्हा मुंबई-मद्रासबरोबर बंगळूरची नोंदवही तिच्याकडे आली. त्या नोंदींत दिसणारे तोंडाचे कर्करोग कुठून येतात हे शोधत तिथले डॉक्टर शेजारच्या कोलार जिल्ह्यात गेले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी काही खेड्यांत चित्रे, सिनेमे, घरभेटी यांचा कार्यक्रम चालवला आणि तुलनेसाठी इतर काही खेडी तशीच ठेवली. १९९५मध्ये छापलेल्या त्यांच्या अहवालात एक गोष्ट ठळक आहे: कार्यक्रम झालेल्या खेड्यांत तंबाखू सुटणाऱ्यांत बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघाले. कोलारच्या बायका मुख्यतः पानाबरोबर तंबाखू खाणाऱ्या. ओसरीवर बसून, एकीच्या डब्यातून दुसरीने. ओसरीवरची एक थांबली की डबा उघडण्याचे निमित्तच निम्मे होते. हा माझा तर्क आहे, अहवालाचा नव्हे.

किदवाईला लागूनच निम्हान्स. १९५४मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था म्हणून सुरू झालेली आणि १९७४ अखेरीस आजच्या नावाने उभी राहिलेली. या संस्थेच्या इतिहासातले एक पान आपल्या विषयाला फार जवळचे आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णाबरोबर राहायला सांगितले. जागा अपुरी, कर्मचारी अपुरे, ही अडचण होतीच. पण त्यातून असे दिसले की घरचे माणूस जवळ असले की रुग्ण लवकर घरी जातो, आणि घरी गेल्यावर तिथेच टिकतो. ही पद्धत पुढे वेल्लोरला आणि बंगळुरात रुजली. आईने, भावाने, नवऱ्याने इस्पितळात राहणे हा उपचाराचाच भाग ठरला. पश्चिमेत त्या काळी नातेवाइकाला आजाराचे कारण मानायची फॅशन होती. इथे त्याला पथ्याचा डबा दिला गेला.

२००२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशात तेरा तंबाखूमुक्ती केंद्रे निघाली, त्यांत निम्हान्स होते आणि मुंबईचे टाटा रुग्णालयही. मला हा योगायोग वाटत नाही की बंगळुरात हे काम छातीच्या डॉक्टरांइतकेच मनाच्या डॉक्टरांनी उचलले. फुप्फुसाचा डॉक्टर एक्स-रे दाखवतो. मनाचा डॉक्टर विचारतो, घरी कोण कोण आहे, आणि सिगारेट कोणाबरोबर ओढता?

पुण्यात हा प्रश्न आधीच विचारला गेला होता. १९८६च्या ऑगस्टमध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून 'मुक्तांगण' सुरू केले, ते मुख्यतः गर्द आणि दारूसाठी. तिथली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे व्यसनी नवऱ्यांच्या बायकांचा 'सहचरी' गट. बायकोने नवऱ्याला सुधारावे असा तो गट नव्हे. तिचे स्वतःचे काय झाले, हे तिने दुसऱ्या तिच्यासारखीला सांगायचे. आपल्याकडे व्यसनी माणसाला 'आधार द्या' हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आधार देणारीला कोण टेकू देतो, हे विचारणारे थोडे. गडचिरोलीत २०१६पासून चाललेल्या 'मुक्तिपथ'मध्येही गावोगावच्या बायकांचे गट दारू आणि खर्ऱ्याविरुद्ध उभे राहिले, पण ती गोष्ट वेगळ्या मुलखाची आणि वेगळ्या लेखाची आहे.

इथे एक सावधगिरी. आधार म्हणजे पाळत नव्हे. जोडीदाराला 'नवऱ्याला असे असे प्रोत्साहन द्या' असे प्रशिक्षण देणाऱ्या प्रयोगांचे एकत्रित परीक्षण झाले तेव्हा त्यातून ठोस फायदा दिसला नाही. उलट, ओढणाऱ्यांनीच एकत्र बसून सोडायच्या गटांचा फायदा, एकट्याने पुस्तिका वाचून सोडण्याच्या तुलनेत, स्पष्ट दिसतो. मला हे अनुभवाने पटते. माझ्या बायकोने शर्टाचा वास घ्यायला सुरुवात केली तेव्हा मी पेपरमिंट खाऊ लागलो, सिगारेट काही सोडली नाही. निपाणीकराची मात्र दोनदा घसरगुंडी झाली, गणपतीत एकदा आणि बहिणीच्या लग्नात एकदा. दोन्ही वेळा त्याने स्वतःच सांगितले, मी काही बोललो नाही, आणि दुसऱ्या दिवशी दर्शिनीत गेलो. मी काही बोललो नाही ते समजूतदारपणाने नव्हे. त्या आठवड्यात माझीही तयारी होती, फक्त तो माझ्याआधी घसरला.

आणि आता तो अभ्यास, ज्याने माझी झोप थोडी उडवली. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या हृदयविकाराच्या जुन्या अभ्यासात लोकांचे मित्र, भावंडे, शेजारी कोण हेही नोंदवलेले होते. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी १९७१ ते २००३ या काळातल्या १२,०६७ लोकांचे हे जाळे मांडून पाहिले आणि २००८मध्ये निष्कर्ष छापले. नवरा किंवा बायको सोडते तेव्हा दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, मित्र सोडतो तेव्हा ३६ टक्क्यांनी, छोट्या कचेरीतला सहकारी सोडतो तेव्हा ३४ टक्क्यांनी. लोक एकेकटे सोडत नाहीत, घोळक्याने सोडतात. इथपर्यंत मी खूश होतो. पण त्याच निबंधात पुढे असे आहे की घोळके सोडत गेले तसे उरलेले ओढणारे जाळ्याच्या मध्यातून कडेला सरकत गेले. १९७१मध्ये ओढणारा आणि न ओढणारा सारखेच मध्यभागी होते. अखेरीस ओढणारे कडेला, थोडक्या संबंधांनिशी, बहुधा आपापल्यातच.

मी ते वाक्य वाचले आणि मला आमच्या गल्लीचे जुने टोक दिसले.

आपल्याकडे हे कडेला सरकणे कायद्यानेही झाले. २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी कडक झाली, आणि बंगळुरात ती डोळ्यांना दिसली. कचेऱ्यांच्या गच्च्या, जिने, गॅलऱ्या रिकाम्या झाल्या आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, गळ्यात ओळखपत्रे लटकवलेल्या पोरापोरींचे घोळके उभे राहू लागले. हा कायदा चांगला होता यात मला शंका नाही. सर्वेक्षणांत कर्नाटकात तंबाखू वापरणारे प्रौढ २००९-१०मध्ये २८.२ टक्के होते, ते २०१६-१७मध्ये २२.८ झाले; महाराष्ट्रात ३१.४वरून २६.६. या आकड्यांत कुठेतरी मी आहे, निपाणीकर आहे. हासनकर नाही. तो उरलेल्यांत आहे.

२०१६मध्ये दिल्लीहून राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सुरू झाला आणि २०१८च्या सप्टेंबरपासून त्याचा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावर छापून येऊ लागला. आपल्याच पाकिटाने आपल्याला मदतीचा फोन नंबर द्यावा, ही मला अजून गंमत वाटते. त्याच सुमारास प्रादेशिक केंद्रे झाली: दक्षिणेच्या भाषांसाठी बंगळुरात निम्हान्स, मराठीसाठी मुंबईत टाटा रुग्णालय, ईशान्येसाठी गुवाहाटी. म्हणजे मी आज जयनगरातून मराठीत बोलायचे म्हटले तर बोलणारा मुंबईचा, आणि शेजारच्या बाकावरच्या हासनकराशी बोलणारा तीन किलोमीटरवरचा. ही व्यवस्था करणाऱ्याला भाषेचे महत्त्व कळले होते. तलफ कोणत्या भाषेत येते कुणास ठाऊक, पण ती आल्याचे सांगणे परक्या भाषेत होत नाही. माझ्या बाबतीत ते अर्धे मराठीत आणि अर्धे कट्ट्यावरच्या कन्नडमध्ये झाले असते; असे केंद्र अर्थातच कुठे नाही.

२०१९मध्ये हासनकराचे बायपास झाले. आम्हाला कळले ते दोन आठवड्यांनी, एका तिसऱ्याच माणसाकडून. भेटायला गेलो तेव्हा तो घरी होता, छातीवर उशी धरून खोकत होता. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग निपाणीकराने विचारले, आता तरी सोडलीस ना? तो म्हणाला, मधल्या आठ वर्षांत तीनदा सोडली होती. एकदा अकरा महिने. आम्ही दोघे गप्प. आम्हाला यातले एकदाही माहीत नव्हते. मी विचारले, सांगितले का नाहीस? तो चेष्टेतच बोलला, पण माझ्याकडे न बघता. दर्शिनीत कॉफी प्यायला येण्यासाठी आधी सोडावी लागते असे त्याला वाटले होते. आणि अकरा महिन्यांनी तो आला होता, एका संध्याकाळी. आम्ही तोवर वेळ पुन्हा बदलली होती.

आमची ती युक्ती, जागा बदलणे, वेळ बदलणे, हीच तज्ज्ञही सांगतात, आणि ती बरोबरच आहे. आम्ही जगलो ते तिच्यावर. पण त्या युक्तीची किंमत कोणी भरली, हे आम्ही आठ वर्षांत एकदाही विचारले नाही. तो कट्टा सोडताना मी सिगारेट सोडली असे मला वाटत होते. कन्नडमध्ये सांगायचे तर त्या वेळी आणखी काहीतरी बिट्टु होयितु, आणि त्याचा कर्ता मीच होतो.

आता शनिवारी सकाळी आम्ही त्याच्या घराजवळच्या दर्शिनीत जातो. डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितले आहे, तेवढे अंतर पुरते. आम्ही तिघे उभ्याने कॉफी घेतो. तो दोन कॉफींचे तीन पेले करायला सांगतो, काउंटरवरचा पोरगा दर वेळी कटकट करतो आणि दर वेळी करून देतो. मागच्या शनिवारी निपाणीकर म्हणाला की वडिलांनी शेवटच्या दोन एकरांतही यंदा ऊस लावला. हासनकराने भाव विचारला.